माल पोहोचला, पण आकडा पोहोचला का?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की ग्राहक कंपनी आणि पुरवठादार यांच्यातले ऑर्डर, शेड्यूल, चलन, बिल हे व्यवहार आता कागद आणि मेल सोडून थेट एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाऊ लागले आहेत. याला ईडीआय (इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज) म्हणतात. त्यावर कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर आणि इचलकरंजीहून पत्रं आली. बहुतेकांनी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं विचारलंय. पण पत्रांच्या ओळींमधून वेगळीच अडचण दिसते. माहिती आपल्याकडून जाते, तिकडून उलट काही येत नाही. माझा सगळा भर या परतीच्या वाटेवर आहे, आणि खालच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा दिसेल. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्याशीच उद्या धंदा करायचा असतो.

प्रश्न : ताई, मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. गाडी भरली की आधी आमच्या ईआरपीत (कारखान्याचे सगळे व्यवहार नोंदवायचं सॉफ्टवेअर) चलन, मग टॅलीत बिल, मग ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी दाखला), मग ग्राहकाच्या पोर्टलवर तीच माहिती, आणि शेवटी एक्सेल शीट मेल करायची. प्रत्येक ग्राहकाचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा. गाडी सातला सुटते, मी नऊला. एक आकडा चुकला तर गाडी पुण्यात गेटवर थांबते आणि फोन मला येतो. हे असंच चालायचं का?

उत्तर : नाही. आणि तुझ्या मालकांनीही हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे. मी स्वतः बरीच वर्षं फाउंड्रीच्या डिस्पॅचला काढली आहेत. रात्रीच्या त्या दोन तासांची किंमत कुठल्याच कॉस्टिंग शीटमध्ये धरलेली नसते, हे मला ठाऊक आहे.

पोर्टल आलं म्हणजे व्यवहार आधुनिक झाला, असं ग्राहक कंपनी समजते. प्रत्यक्षात तिच्या स्टोअरमधला क्लार्क जे टाइप करायचा ते आता तू करतेस. काम कमी झालेलं नाही, त्यांच्या टेबलावरून तुझ्या टेबलावर आलंय. तुमच्या ईआरपीत चलन झालं की त्याच माहितीची फाइल आपोआप ग्राहकाकडे जावी आणि तिकडून पोच यावी, याला मी देवाणघेवाण म्हणेन. तिथपर्यंत जायला वेळ लागेल. पण काही गोष्टी याच महिन्यात होण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे पोर्टलवर एकेक ओळ भरणं बंद कर. बहुतेक पोर्टलना एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल एकदम चढवायची सोय असते, ती एखाद्या मेनूत दडलेली असते आणि आपल्याला कुणी सांगत नाही. ग्राहकाच्या आयटीवाल्याला नमुना फाइल माग. मग तुमच्या ईआरपीवाल्याकडून चलनाचा रिपोर्ट त्याच रकान्यांच्या क्रमाने काढून घे.

एक मात्र सांभाळ. पार्ट नंबरचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेव. नाहीतर एक्सेल ००४५१७ मधली पुढची शून्यं खाऊन टाकतं, आणि १२-०५ असा नंबर असेल तर त्याची तारीख करून ठेवतं. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, पोर्टल ‘पार्ट नॉट फाउंड’ म्हणतं आणि गाडी गेटवर उभी राहते. अशी अडकलेली कित्येक चलनं मी सोडवली आहेत. त्यात माल कधीच चुकलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, ई-वे बिल वेगळं भरतेस ते कशाला? तुमची उलाढाल ५ कोटींवर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं आहे. त्या पोर्टलवर आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) काढतानाच वाहन क्रमांक आणि अंतर दिलं, की ई-वे बिलही त्याच फेरीत निघतं. टॅलीत याची सोय आहे. तुमच्या अकाउंट्सवाल्यांनी ती चालू केली की एक टायपिंग तिथेच संपलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोलाची. एक तक्ता कर : आपला आयटम कोड, ग्राहकाचा पार्ट नंबर, ड्रॉइंगची रेव्हिजन, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, पीओतली ओळ, एकक, आणि एका ट्रॉलीत किंवा पेटीत किती नग. हा तक्ता एकाच ठिकाणी राहू दे आणि बदलायचा अधिकार एकालाच असू दे. उद्या कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी ते पहिल्याच दिवशी हाच तक्ता मागणार.

आणि गाडी सुटायच्या आधी माहिती सुटली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. ज्यांचं डिस्पॅच आदल्या दिवशीच ग्राहकाच्या सिस्टीमला गेलेलं होतं, त्यांच्या ग्राहकाला कुठला पार्ट किती अडकलाय हे लगेच समजलं आणि लाइनचं नियोजन बदलता आलं. बाकीच्यांचे फोन दिवसभर वाजत राहिले.

प्रश्न : शिरोलीत माझी डक्टाइल आयर्नची फाउंड्री आहे, वडिलांनी सुरू केलेली. जर्मनीतल्या एका ग्राहकाने कळवलंय, की पुढच्या वर्षापासून शेड्यूल मेलने येणार नाही, ईडीआयने येईल, आणि माल पाठवल्याची सूचनाही ईडीआयनेच द्यायची. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तिका. त्यात व्हीडीए, डेलफॉर, ओएफटीपी असे शब्द. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, अख्खं ईआरपी बदला. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा ग्राहकाकडे पोर्टल मागू. माझं वय त्रेसष्ट. हे झेपेल का?

उत्तर : झेपेल, काका. ईआरपी तूर्त बदलू नका. कुणी पहिल्याच भेटीत ते बदला म्हणत असेल तर त्याने तुमचा प्रश्न ऐकलेला नाही.

हे तंत्र नवं नाही. अमेरिकेत एक्स-१२ या मानकाचं काम १९७९ मध्ये सुरू झालं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८७ च्या सुमारास एडिफॅक्ट आलं. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे व्हीडीएने, स्वतःचे नमुने केले. त्यांचा जुना ४९०५ हा शेड्यूलचा नमुना म्हणजे बरोबर १२८ अक्षरांच्या ओळी, कुठल्या जागेवर काय लिहायचं ते ठरलेलं. आता ते ४९८४ कडे वळलेत, तो एडिफॅक्टवर बेतलेला आहे. म्हणून ग्राहकाला पहिला प्रश्न हा विचारा, की तुम्ही जुना नमुना पाठवणार की नवा, आणि जुना असेल तर तो किती वर्षं चालू ठेवणार. दोन वर्षांनी पुन्हा सगळं करायची पाळी यायला नको.

पुस्तिकेतल्या शब्दांना घाबरू नका, तीन ढीग करा. डेलफॉर म्हणजे तिकडून येणारं शेड्यूल, डेसॅड्व्ह म्हणजे तुम्ही पाठवायची डिस्पॅचची सूचना, इन्व्हॉइक म्हणजे बिल. हा झाला मजकूर. ओएफटीपी-२ किंवा एएस-२ म्हणजे तो मजकूर सुरक्षित नेणारी वाट, आणि या दोन्ही वाटांवर पोहोचल्याची सही असलेली पोच परत येते. तिसरा ढीग म्हणजे तो मजकूर तुमच्या ईआरपीला समजेल अशा साध्या फाइलमध्ये बदलणं. दुसरा आणि तिसरा ढीग भाड्याने करून देणाऱ्या सेवा आहेत. महिन्याचं ठरावीक आणि संदेशागणिक पैसे घेतात. तुमच्यासारख्या, दोन-तीन निर्यात ग्राहक असलेल्या कारखान्याने तेच करावं. स्वतःचा सर्व्हर चोवीस तास चालू ठेवत बसू नये.

एवढं सगळं पैसे देऊन होतं. पैसे देऊन न होणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपल्याकडचे भले भले निर्यातदार अडकतात : चढता आकडा. जर्मन शेड्यूल ‘या आठवड्याला बाराशे पाठवा’ असं सरळ म्हणत नाही. ते म्हणतं, वर्षारंभापासून आजवर आम्हाला इतके मिळाले, आणि अमुक आठवड्यापर्यंत एकूण इतके हवेत.

समजा त्यांनी लिहिलंय, मिळाले ७,२००, तिसाव्या आठवड्यापर्यंत हवेत १०,८००. तुमच्या पोरानं वजाबाकी केली, ३,६०० आले आणि मोल्डिंगला तसं सांगितलं. पण तुमच्याकडून आजवर निघालेत ९,६००. दोन कंटेनर, प्रत्येकी १,२०० नगांचे, न्हावा-शेवाहून निघून समुद्रात आहेत. ते त्यांच्या ‘मिळाले’त अजून धरलेले नाहीत. खरी गरज १०,८०० वजा ९,६००, म्हणजे १,२०० ची. उरलेले २,४०० जादा ओतले, आणि कास्टिंग आठ किलोचं असेल तर १९ टनांहून जास्त लोखंड अंगणात गंज धरत पडलं. भट्टीची वीज, मॅग्नेशियम, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करायची) मजुरी सगळी त्यात गेली.

यावर एक उपाय आहे. ग्राहकाच्या संदेशात शेवटचा मिळालेला डिलिव्हरी नोट नंबर असतो. तुमच्या नोंदवहीत त्या नंबरापर्यंतची तुमची बेरीज आणि त्यांचा ‘मिळाले’ आकडा जुळला पाहिजे. जुळला तर पुढचं गणित करा. नाही जुळला तर आधी मेल, मग मोल्डिंग. ही तपासणी संदेश आल्या आल्या आपोआप व्हावी आणि फरक असेल तर लाल दिसावी, असं सेवा देणाऱ्याकडून लिहून घ्या. शिवाय ग्राहकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या : आकडा शून्यावर कधी येतो, आणि नाकारलेले नग ते त्यातून वजा करतात की नाही. दुसऱ्या मुद्द्यावर कंपन्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि भांडणं तिथूनच लागतात.

एककाचंही असंच. आपण ओततो किलोत, विकतो नगात, जीएसटीत ‘एनओएस’ लिहितो, तर एडिफॅक्टच्या संदेशात नगाला ‘पीसीई’ किंवा ‘सी-६२’ आणि किलोला ‘केजीएम’ असतं. हे एकदा तक्त्यात बसवलं की विसरून जाता येतं. नाही बसवलं तर कधीतरी ४८० नगांचे ४८० किलो होतील.

ग्राहकाकडे मागायची यादी करा. चाचणीसाठी वेगळी जोडणी, तुमच्याच पार्ट नंबरांचे नमुना संदेश, तिकडच्या एका माणसाचं नाव आणि फोन, आणि किमान तीन महिने जुनी पीडीएफ व नवा संदेश दोन्ही सोबत. त्या काळात दर सोमवारी दोन्हीतले आकडे लावून बघा. हे काम मुलाला द्या, पण पहिले काही आठवडे तुम्ही शेजारी बसा. आकडा विचित्र दिसतोय हे तुमच्या अनुभवाला त्याच्या आधी कळेल. संदेश मूळ स्वरूपात जपून ठेवायचा करारही सेवा देणाऱ्याशी करा. जीएसटी कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. सेवा बदलली म्हणून जुने संदेश गेले, असं व्हायला नको.

आणि मुलाला पोर्टल हवं होतं म्हणता, त्याला या अंकातलं पहिलं पत्र वाचायला द्या.

प्रश्न : उद्यमनगरात माझ्याकडे दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आहेत. मशीनिंगचं जॉब वर्क करतो. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर येतं, चलन कार्बनच्या पुस्तकात. आम्हालाही हे सगळं करावं लागणार का?

उत्तर : ईडीआय नको. तुमच्या कामाला ते फार मोठं होईल. ड्रॉइंगचं मात्र आजच बदला. व्हॉट्सॲपवर रेव्हिजन ‘बी’ आणि ‘सी’ एकाखाली एक येतात, ऑपरेटर मोबाइलवर वर सरकवून जे आधी दिसेल ते उघडतो. फाउंड्रीला सांगा, ड्रॉइंग मेलनेच पाठवा, नावात पार्ट नंबर आणि रेव्हिजन घाला, आणि जुनं रद्द झाल्याचं त्याच मेलमध्ये लिहा. तुम्ही ‘मिळालं, सी लावलं’ एवढं उलट लिहा. ती तुमची पोच.

चलनाचं म्हणाल, तर माल पाठवणारी फाउंड्री त्यावरून आयटीसी-०४ (जॉब वर्कला दिलेल्या मालाचं जीएसटी विवरण) भरते. कच्चा माल एका वर्षात परत गेला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं कायदा धरतो आणि कराचा बोजा त्यांच्यावर येतो. म्हणून तुमच्या परतीच्या चलनावर त्यांचा मूळ चलन नंबर असलाच पाहिजे. कार्बनच्या पुस्तकातही तो रकाना आखता येतो. एक्सेलमध्ये रोज संध्याकाळी आलेले, गेलेले, रिजेक्ट आणि शिल्लक एवढे चार रकाने भरून महिनाअखेरीला पाठवलेत, तर शिल्लक नगांवरून होणारे निम्मे वाद राहणार नाहीत.

प्रश्न : कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका लघुउद्योगात अकाउंटंट आहे. आम्ही ई-इन्व्हॉइस करतो, मग ईडीआय वेगळं कशाला? शिवाय पेमेंट विचारलं की ग्राहक म्हणतो, ‘अजून जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झाला नाही.’ महिना-महिना हेच उत्तर.

उत्तर : ई-इन्व्हॉइस तुम्ही सरकारला कळवता. बिलावरच्या क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, ओळी किती, मुख्य वस्तूचा एचएसएन (वर्गीकरणाचा कोड) आणि आयआरएन एवढंच असतं. पार्ट नंबर, नग, हीट कोड (माल कोणत्या ओतणीचा ते सांगणारा) त्यात नाही. म्हणजे गेटवर कोड स्कॅन झाला तरी स्टोअरला काय आलं ते कळत नाही. ई-इन्व्हॉइसच्या नमुन्यात पीओ नंबराची जागा मात्र आहे. ती ऐच्छिक म्हणून सगळे रिकामी सोडतात. तुम्ही भरत जा, जुळवणी सोपी होते.

आता जीआरएन. हा भाग मला फार लागतो. पैशाअभावी चांगले छोटे कारखाने कुचंबताना मी बघितले आहेत. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु म्हणून उद्यम नोंदणीत असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर १५ दिवस. दिवस मोजायचे ते ग्राहकाच्या जीआरएनपासून नाही. माल प्रत्यक्ष पोहोचल्यावर १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. आणि आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला, प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. त्यांच्या अकाउंट्सला हे चांगलं माहीत असतं.

पण माल कधी पोहोचला याचा पुरावा तुमच्याकडे हवा. गेट एंट्रीचा शिक्का असलेली चलनाची प्रत ड्रायव्हरकडून रोज घ्या, फोटो काढून त्या बिलाच्या नावाने ठेवा. आणि ज्या ग्राहकाशी ईडीआय किंवा एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधली थेट) जोडणी आहे, त्याच्याकडे माल मिळाल्याचा संदेश मागा. एडिफॅक्टमध्ये त्याला रेकॅड्व्ह म्हणतात, एक्स-१२ मध्ये तो ८६१ क्रमांकाचा. ग्राहक शेड्यूल पाठवतो, तुमच्याकडून डिस्पॅचची सूचना सक्तीने घेतो, मग मिळाल्याचं कळवायला त्याची ना का? तुमच्या साहेबांनी पुढच्या व्हेंडर मीटमध्ये हे उभं राहून विचारावं. शिरोलीची ‘स्मॅक’ किंवा गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ यांच्यासारख्या संघटनेमार्फत दहा पुरवठादारांनी एकत्र विचारलं तर जास्त बरं. तांत्रिक अडचण कुठलीच नाही, तो आकडा त्यांच्या सिस्टीममध्ये असतोच.

ग्राहकाची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्स या बिल वटवण्याच्या मंचावर नोंदणी त्याला सक्तीची आहे. तिथे त्याने बिल स्वीकारलं की ती स्वीकृती नोंदली जाते आणि तुम्हाला त्यावर पैसे उचलता येतात.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं कापड निर्यातीचं काम आहे. परदेशातल्या मशिनरी पुरवठादाराकडून मेल आला, की आमचं बँक खातं बदललंय, पुढचा हप्ता नव्या खात्यावर भरा. लेटरहेड, सही सगळं बरोबर आहे. भरू का?

उत्तर : थांबा, भरू नका. उत्तर त्या मेलला देऊ नका, त्यात दिलेल्या नंबरवर फोनही करू नका. जुन्या करारावरचा किंवा तुम्ही पूर्वी बोललात तो नंबर लावा आणि ज्याला आवाजाने ओळखता त्याच्याशी बोला. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचा, एखाद्या ‘एल’ अक्षराच्या जागी ‘एक’ हा आकडा असतो. अशा फसवणुकीत बहुतेक वेळा कुणीतरी कोणाची तरी मेलपेटी आधी कित्येक दिवस वाचत असतं. म्हणून बिलाचा नंबर, रक्कम, हप्त्याची तारीख सगळं बिनचूक जुळतं. तुमच्या आणि त्यांच्या, दोन्हीकडच्या मेलचे पासवर्ड बदलायला सांगा.

यापुढे पुरवठादाराचं खातं तुमच्या मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या पक्क्या यादीत) एकदा नोंदवा आणि बिलावर काहीही छापलेलं असो, पैसे मास्टरमधल्या खात्यावरच जाऊ द्या. खातं बदलायला दोन माणसांची मंजुरी आणि एक फोन सक्तीचा ठेवा. आणि हे छापून येईपर्यंत पैसे गेलेच असतील, तर आधी बँकेला फोन करून रक्कम थांबवायला सांगा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि मूळ मेल डिलीट करू नका.